बोरिवलीत नदीकाठी, बागेला लागून फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की बोरिवली पूर्वेला दहिसर नदीला लागून, मागे बाग असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट मिळतोय, घरात दोन लहान मुलं आहेत, तर घ्यावा का. प्रश्नात एका ठिकाणी तुम्ही ‘मागचा नाला’ लिहिलंय, म्हणून मी लिहायला बसले. तो नाला नाही. तुळशी तलावाकडून निघून, नॅशनल पार्कातून खाली उतरून, मनोरीच्या खाडीला जाऊन मिळणारी ती नदी आहे. वाटेत आपण तिच्यात तबेल्याचं शेण आणि गटारं सोडली, तो दोष तिचा नाही.

माझं माहेर तिथलंच, दौलतनगरजवळ, तळमजल्यावर. इमारतीच्या मागे नदीपर्यंत दहा-बारा पावलांचा मातीचा पट्टा होता. बाबांनी तिथे करंज आणि जांभूळ लावलं होतं. आम्ही पोरं तिथेच खेळलो. २६ जुलै २००५ ला पाणी घरात शिरलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस. त्यात दुपारी समुद्राला मोठी भरती, म्हणजे खाडीकडे पाणी उतरायला वाट नाही. आम्ही रात्र वरच्या मजल्यावर काढली. आईची शिलाई मशीन आणि आमच्या लहानपणीचे सगळे फोटो गेले.

त्यानंतर सोसायटीची सभा झाली. माझा थोरला भाऊ तेव्हा सेक्रेटरी. दादाचं म्हणणं, मागे उंच भिंत घालू, मातीवर पेव्हर ब्लॉक टाकू, गाड्याही लागतील. मी एकटीच उभी राहून नाही म्हणाले. माती पाणी पिते, करंजाची मुळं काठ धरून ठेवतात, आणि भिंत बाहेरचं पाणी अडवते तसं आतलंही अडवेल. सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "तू आता सासरी गेलीस, तुझं काय बुडतंय?" ते मला लागलं. आजही लागतं.

भिंत झाली. खाली पाणी बाहेर जायला भोकं ठेवली होती, पण त्यातून घुशी येतात म्हणून कुणीतरी ती सिमेंटने लिंपून टाकली. काही वर्षांनी जुलैतल्या एका सकाळी दोन तास मुसळधार पडला. नदी काठाच्या हातभर खाली होती. तिच्याकडून एक थेंब आत आला नाही. गच्चीचं, रस्त्याचं, कंपाउंडचं पाणी मात्र भिंतीच्या आत तुंबलं, आणि बाबा, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघाभर पाण्यात पहारीने भोकं मोकळी करत होते. मी पोहोचले तेव्हा त्यांचे हात सोलले होते. दादा ऑफिसात होता.

म्हणून बागेची झाडं मोजू नका, जमीन बघा. नुसती फरशी, कारंजं आणि जॉगिंग ट्रॅक असेल तर नदीकाठाला तिचा काही उपयोग नाही, आणि मुलांनाही तिथे धड चिखल मिळणार नाही. बाग कशी असावी ते बघायचं असेल तर धारावीला मिठीच्या काठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघून या. पूर्वी तिथे कचऱ्याचं डम्पिंग होतं, आज दाट झाडी आहे. घाण झालेली जमीन परत येऊ शकते, हे मी दादाला शंभर वेळा सांगितलंय.

सोसायटीला विचारा: भिंतीतून पाणी कुठून बाहेर जातं, ती भोकं पावसाआधी कोण साफ करतं, पंप आहे का, विजेचे मीटर किती उंचीवर आहेत. उत्तर द्यायला कुणी पुढे आलं नाही तर घेऊ नका. आणि घर ऊन असताना बघू नका. जुलैत, जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल त्या दिवशी जा.

मी इंजिनियर नाही, हे सांगायला हवं. पोयसर किंवा ओशिवरा नदीकाठी काय स्थिती आहे, ते तिथल्या माणसांना विचारा. तुमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे घरात पाणी येण्याची भीती आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. गाडी मात्र खालीच राहणार. पार्क जवळ असल्यामुळे बिबट्याही येतो कधीमधी. अंधार पडल्यावर मुलांना बागेत एकटं सोडू नका, आणि कुत्र्यांची गर्दी होईल असा उघडा कचरा राहू देऊ नका.

बाबांचा करंज अजून आहे. पेव्हर ब्लॉक टाकताना त्याच्या बुंध्याभोवती वीतभर माती ठेवायला मी लावली होती, आता मुळांनी दोन रांगा उचलल्यात. या वर्षीच्या सभेत ते ब्लॉक काढायचा ठराव मी बाबांच्या सहीने दिलाय.