आपल्यावाचून त्यांचं काय अडलंय?

अरे,

तुझी मेल वाचली, सोबतची फाइलही उघडली. कंपनी विकत घ्यायचं वरच्यांनी आधीच ठरवलं होतं आणि तुझ्या टीमला त्या निर्णयाला शोभेल असं विश्लेषण करायला बसवलं, म्हणून तू वैतागलायस. वैताग समजते, पण यात नवल काय? ध्येय, मग बाजाराचा अभ्यास, मग पर्याय, मग निवड ही उतरंड शिकवायला सोपी म्हणून शिकवतात. प्रत्यक्षात एखादा बँकर विक्रीला निघालेली कंपनी घेऊन सीईओंना भेटतो, प्रतिस्पर्ध्याने नुकतंच काहीतरी विकत घेतलेलं असतं, भागधारक 'वाढ कुठे आहे' म्हणून मागे लागलेले असतात आणि बजेटची तारीख तोंडावर आलेली असते. त्या धांदलीत निर्णय होतो. त्याबद्दल कुरकुर नको. माझी कुरकुर तुझ्याबद्दल आहे. अख्ख्या फाइलमध्ये तू एक प्रश्न कुठेच विचारलेला नाहीस: आपल्यावाचून त्या कंपनीचं काय अडलंय?

एखाद्या बाजारात कसं जिंकायचं, हे त्या त्या व्यवसायाचा प्रमुख बघतो. मुख्यालयापुढचा प्रश्न वेगळा. कोणकोणत्या व्यवसायांत असायचं, आणि ते सगळे एकाच छपराखाली कशाला? दुसरा अर्धा भाग सगळे गाळतात, तूही गाळलास. बाजार वाढतोय, नफ्याचं प्रमाण बरं आहे, जोखीम विभागली जाईल, असं तू लिहिलंयस. अरे, जोखीम विभागायची असेल तर भागधारक उद्या सकाळी स्वतःच दोन कंपन्यांचे शेअर घेतील, तेही बाजारभावाने. आपण मात्र ताबा मिळवायला बाजारभावाच्या वर अनेकदा 20 ते 40 टक्के मोजतो. तो वरचा पैसा कशाबद्दल?

व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी 33 मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा 1950 ते 1986 या काळातला इतिहास तपासून 1987 मध्ये एक लेख लिहिला. त्यातल्या बहुतेक कंपन्यांनी विकत घेतलेले जेवढे व्यवसाय ठेवले, त्याहून जास्त पुढे काढून टाकले होते. पोर्टर यांनी तीन कसोट्या सांगितल्या: उद्योग आकर्षक हवा, आत शिरण्याचा खर्च पुढचा सगळा नफा खाणारा नको, आणि एकत्र आल्याने दोघांपैकी कोणाचं तरी भलं व्हायला हवं. पहिल्या दोन कसोट्यांवर तू पानंच्या पानं खर्ची घातलीस. तिसरीच्या वाट्याला एक शब्द आला: सिनर्जी, म्हणजे एकत्र आल्याने होणारा जादा फायदा.

क्वेकर ओट्स या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीचं प्रकरण नीट बघ. 1983 मध्ये एका मोठ्या खरेदीबरोबर गेटोरेड हे खेळाडूंचं पेय त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते खरोखर मोठं केलं. त्या पेयाला देशभर पोहोचायला जाहिरात आणि वितरणाचा जोर हवा होता, तो क्वेकरकडे होता. पुढे 1994 मध्ये त्यांनी स्नॅपल हा चहा आणि फळांच्या पेयांचा ब्रँड 1.7 अब्ज डॉलरना घेतला. पेय तर पेय, आपण यात तरबेज! पण गेटोरेड गोदामांमधून सुपरमार्केटमध्ये जायचं, आणि स्नॅपल पोहोचवायचे स्वतंत्र वितरक, आपापल्या ट्रकमधून, छोट्या दुकानांच्या फ्रिजपर्यंत. क्वेकरने वितरकांपुढे अदलाबदल मांडली: सुपरमार्केटची गिऱ्हाइकं आम्हाला द्या, छोट्या दुकानांत गेटोरेड तुम्ही विका. वितरक नाही म्हणाले. ते का म्हणून हो म्हणतील? कमावलेली गिऱ्हाइकं त्यांची होती. 1997 मध्ये क्वेकरने स्नॅपल 30 कोटी डॉलरना विकून टाकलं. मुख्यालय तेच, पेयांचाच धंदा. एका ठिकाणी प्रश्नाला उत्तर होतं, दुसऱ्या ठिकाणी ते गृहीत धरलं होतं.

आता तुझ्या फाइलमधले ते रंगीत चौकोन. वाढ आणि बाजारातला वाटा मांडून व्यवसायांना गाय, तारा, कुत्रा ठरवायचं, हा 1970 च्या सुमाराचा बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा तक्ता. कोणाकडून रोकड घ्यायची आणि कोणाला द्यायची, एवढं त्यावरून कळतं. हा व्यवसाय आपल्याकडेच का, हे त्यात विचारलेलंच नाही. नऊ चौकोनांचा तक्ता ज्या जनरल इलेक्ट्रिकच्या नावाने ओळखला जातो, तीच कंपनी 2021 मध्ये तीन तुकडे करायचं जाहीर करते आणि एप्रिल 2024 मध्ये ते पुरंही करते. विमानांची इंजिनं, वैद्यकीय यंत्रं आणि वीजनिर्मिती यांचं एकमेकांवाचून काहीच अडत नव्हतं. शेवटी तेही कबूल झालं म्हणायचं!

मी एकत्र येण्याच्या विरोधात आहे असं समजू नकोस (तुझे साहेब तुला तसंच सांगतील). डॅनाहर या अमेरिकी उद्योगसमूहाकडे बघ. 1980 च्या दशकात ट्रकच्या इंजिनांचे ब्रेक बनवणाऱ्या त्यांच्याच एका कंपनीत त्यांनी कायझेन, म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा करत राहण्याचं जपानी तंत्र, रुजवलं, त्यातून कामाची एक पद्धत घडवली आणि नव्याने घेतलेल्या प्रत्येक कंपनीत ती नेली. तिथे उत्तर स्पष्ट आहे: आमच्याकडे एक पद्धत आहे, ती तुमच्याकडे नाही, आणि शिकवणारी माणसं आमच्याकडे आहेत. असं एक वाक्य तुझ्या फाइलमध्ये असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं.

माझ्या जुन्या कंपनीत मला नकारघंटा म्हणायचे. एका खरेदीच्या वेळी मी हाच प्रश्न लावून धरला. खरेदी झाली, आणि तो व्यवसाय चांगला चालला. त्यावरून अजून टोमणे येतात. पण मी विरोध केलाच कुठे होता? मी कारण मागत होते. कारण होतं, आमच्या सेवा केंद्रांचं जाळं त्यांना मिळालं, पण बैठकीत ते कोणालाही मांडता आलं नव्हतं. न मांडता बरोबर निघालेला निर्णय पुढच्या खेपेला कोणाच्या कामाचा? हे मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. खंत दुसरीच आहे. एखादा व्यवसाय स्वतः चालवायला मला कधी दिलाच नाही. वरून येणारी 'मदत' खालच्यांना किती महाग पडते, दर महिन्याचे किती तक्ते भरावे लागतात, हे मी नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. तुला संधी मिळाली तर स्ट्रॅटेजी टीममधून ऊठ आणि जा.

तू म्हणशील, काही गोष्टी आधी कळतच नाहीत. बरोबर. मग थोडा हिस्सा घ्या, एकत्र काम करून बघा, आणि त्याला प्रयोग म्हणा. पूर्ण किंमत मोजून प्रयोग करत नाहीत.

आता गुरुवारच्या बैठकीचं. तुझ्या शीटच्या तळाशी सिनर्जीचा एकच गोळाबेरीज आकडा आहे, आणि तो किंमत समर्थनीय ठरायला नेमका लागतो तेवढाच आहे. हे गोल सीक, म्हणजे हवं ते उत्तर ठरवून आकडा उलटा काढणं, मी ओळखते रे, आयुष्य त्यात गेलंय. तो आकडा फोड. खरेदीत किती वाचणार, कोणत्या मालावर? आपलं कोणतं गिऱ्हाईक त्यांचा माल घेणार, आणि ते आज का घेत नाही? प्रत्येक ओळीपुढे ती पार पाडणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिही, आणि एकत्रीकरणाचा खर्च वजा कर. मग त्या माणसांना बैठकीआधी भेट. खरेदीप्रमुख म्हणाले की एवढं वाचणार नाही, तर त्यांचा आकडा घाल, तुझा नको. आपण घेतोय त्या कंपनीतली जी माणसं जाऊन चालणार नाहीत ती राहतील का, तेही विचार. हे कोणी विचारत नाही.

एवढं करून बेरीज किमतीपर्यंत पोहोचली नाही, तर तो फरक पहिल्या पानावर टाक. साहेब चिडतील. तरीही घ्यायचं असेल तर घेतील, तो त्यांचा आणि बोर्डाचा अधिकार आहे. फरक झाकायचं काम मात्र तुझं नाही.

बुधवारपर्यंत नवी शीट पाठव. चौकोन पाठवू नकोस.