फ्रेंच नट जेरार फिलीप फक्त देखणा होता म्हणून फ्रान्समध्ये एवढा गाजला का?

नाही हो. देखणा तर होताच, पण नुसत्या दिसण्यावर कुणाला साठ-सत्तर वर्षं लक्षात ठेवत नाहीत. तुम्ही बहुतेक त्याचे सिनेमेच पाहिले असतील, म्हणून असं वाटतंय. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण नाटकात आहे.

जन्म 1922 चा, कान शहरातला. 1945 मध्ये पॅरिसमध्ये लेखक काम्यूच्या 'कॅलिग्युला' या नाटकात मुख्य भूमिका केली तेव्हा तो जेमतेम 22 वर्षांचा होता. दोन वर्षांत 'ल द्याब्ल ओ कॉर' हा सिनेमा आला आणि पोरगा एकदम स्टार झाला. पुढे काय करायचं, तर सिनेमे घ्यायचे आणि पैसे कमवायचे, कुणीही तेच केलं असतं. हा गेला जाँ व्हिलारकडे.

व्हिलार म्हणजे आव्हिन्यों शहरातला नाट्यमहोत्सव सुरू करणारा माणूस, 1951 मध्ये त्याच्याकडे सरकारी लोकनाट्यगृह आलं, टीएनपी म्हणतात त्याला, स्वस्त तिकिटं, कामगारांसाठी नाटक असा सगळा मामला. तिथे पगार बेताचा आणि पोस्टरवर नावं आद्याक्षरांच्या क्रमाने, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या हिरोचं नाव खाली कुठेतरी. त्याच वर्षी आव्हिन्योंला पोपच्या जुन्या राजवाड्याच्या उघड्या अंगणात कॉर्नेयचं 'ल सिद' होतं, तालमीत हा पडला, गुडघा दुखावला, तर सुरुवातीला नाटकाचा नायक रॉद्रिग बसून केला! तलवारबाज तरुणाची भूमिका, जुनं पद्यातलं नाटक, आणि ती बसल्या जागी नुसत्या आवाजावर पेलायची, विचार करा. नंतर हेच नाटक पॅरिसबाहेर स्युरेनसारख्या कामगारवस्तीतही नेलं.

सिनेमा सोडला नव्हताच. 1952 चा 'फाँफाँ ला त्युलिप', जिना लोलोब्रिजिदासोबतचा, तुफान चालला. पण 'फाँफाँ' गाजला त्याच वर्षी तो आव्हिन्योंला 'लोरेंझाच्चो' हे नाटक बसवत होता, दिग्दर्शन त्याचं आणि मुख्य भूमिकाही त्याचीच. शेवटच्या काही वर्षांत नटांच्या युनियनचा अध्यक्षही झाला, म्हणजे स्वतःचं बस्तान बसल्यावर बाकीच्या नटांचे प्रश्न घेऊन उभा राहिला. मला हे त्याच्या कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त भारी वाटतं.

25 नोव्हेंबर 1959 ला लिव्हरच्या कॅन्सरने गेला, वय 36. आजार काय आहे हे पत्नी आनने त्याला कळू दिलं नव्हतं. रामात्युएलला 'ल सिद'च्या पोशाखातच दफन केलं.

तुम्ही आता काय बघावं? आधी 'फाँफाँ', मग 1954 चा 'ल रूज ए ल न्वार'. आणि फ्रेंच थोडंफार येत असेल तर त्याच वर्षीचं 'छोटा राजकुमार'चं त्याच्या आवाजातलं रेकॉर्डिंग नक्की ऐका, तो आवाज स्टेजवर काय करत असेल त्याचा अंदाज येईल.