आधी आतलं पान

प्रिय बेटा,

रविवारी निघताना तू दारात विचारलंस, "सर, एजन्सी सोडून पुस्तकांच्या कामात येऊ का?" तेव्हा मी उत्तर टाळलं. नंतर तू पाठवलेली बावीस मुखपृष्ठं दोनदा पाहिली. तुला रंगाची जाण आहे, अक्षराचं वजन कळतं. ये. फक्त नोकरी लगेच सोडू नको. मराठी पुस्तकांत पैसा हळूहळू येतो आणि घरभाडं दर महिन्याला द्यावंच लागतं.

त्या बावीस कामांत आतलं एकही पान नव्हतं, हे मात्र मला खटकलं. मुखपृष्ठ आपण क्षणभर बघतो, आतल्या पानाबरोबर वाचक आठ-आठ दिवस राहतो. मुखपृष्ठं करून देणारे प्रकाशकाला पुष्कळ भेटतात. दोनशे पानांचा मराठी मजकूर नीट मांडून देणारा माणूस शोधावा लागतो. तू तिथून आत शिर.

देवनागरीच्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. रोमन अक्षर १२ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) असेल तर एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत १४-१५ पॉइंट अंतर पुरतं. मराठीला मी १६-१७ देतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. 'शेजारणीकडच्यांनासुद्धा' हा एकच शब्द ओळीच्या टोकाला आला, की दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या नादात आधीच्या ओळीत भगदाडं पडतात. अशा पानावर डोळा ठेचकाळतो. फॉन्टही जागा पाहून निवड. सुलेखनकार र. कृ. जोशींचा 'मंगल' संगणकाच्या पडद्यासाठी घडला, कादंबरीची तीनशे पानं त्यात लावू नको. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळी जुळवणारा 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर घेतला नाहीस तर जोडाक्षरं तुटतील. पाकळीचा ल आणि देठाचा श, ही मराठी वळणाची अक्षरं येतायत का, तेही बघ.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका निवृत्त शिक्षकांचा कथासंग्रह केला होता. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना सगळीकडचा 'ऱ्य' बिघडून 'र्य' झाला. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. मी चार पानं चाळली आणि फाइल छापखान्यात दिली. ५०० प्रती छापून आल्या. गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत. भेट द्यायच्या प्रती मांडीवर घेऊन ते काळ्या पेनानं एकेक अक्षर दुरुस्त करत बसले होते, ते मी पाहिलं. तेव्हापासून कुठलंही पुस्तक कागदावर छापून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय माझ्या हातून सुटत नाही. मुद्रितशोधक वेगळा असला तरी वाचतो. तूही वाच. पांडुलिपी न वाचता मुखपृष्ठाला तर हातच लावू नको.

छापखान्यात जाऊन उभी राहा. १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे ती पानं छापलेला एकच मोठा कागद, कसा दुमडतो, चौथं पान तेराव्याच्या शेजारी का छापतात, हे एकदा स्वतः कागद दुमडून बघितलं की कायमचं कळतं. १३ फॉर्म म्हणजे २०८ पानं, म्हणजे १०४ कागद. कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल तर पुस्तकाचा कणा साधारण साडेदहा मिलिमीटर. ऐनवेळी ०.१३चा कागद आला की तो साडेतेरा होतो आणि कण्यावरचं नाव मध्यावर राहत नाही. म्हणून कागद ठरल्याशिवाय कण्याचं माप पक्कं करू नको. बायंडरशी आदरानं बोल. डिंकाच्या बांधणीत आतल्या बाजूला किती जागा सोडायची, ते त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथं दीक्षा घेतली, तिथं त्या दिवसांत लोक रांगेनं पुस्तकं घेतात. एखाद्या स्टॉलजवळ दोन तास थांब आणि लोकांचे हात बघ. पुस्तक उचलतात, मागं किंमत बघतात, मग मधलंच पान उघडून डोळ्यांपासून लांब धरतात. एकदा एका आजीनं असं पान धरलं, पुटपुटत दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक ओच्यात ठेवलं. पुढचे कितीतरी महिने पॉइंट ठरवताना मला त्या आजीच दिसायच्या.

आता काम देतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे हक्क मुक्त होतात. तसा जुना मजकूर मराठी विकिस्रोतावर मिळेल. त्यातली एक कथा घे आणि डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकारात १६ पानं मांड. शीर्षकपान, श्रेयनामावली, पानांचे आकडे, सगळं हवं. श्रेयात 'मांडणी' असं लिहून समोर तुझं नाव घाल. पुढं प्रकाशकाकडेही ही ओळ पहिल्याच कामापासून माग, मानधनाइतकीच ठामपणे.

फॉर्म दुमडून, शिवून, कापून घेऊन ये. फोनवर पाठवू नको. मी पट्टी आणि भिंग काढून ठेवतो.

तुझा,
सर