'प्राइड अँड प्रेज्युडिस' आज मुंबईतल्या बाईनं का वाचावी?

तुमचा प्रश्न असा आहे की या कादंबरीची पन्नास पानं झाली तरी नाच, जेवणं आणि लग्नाच्या गप्पा यापलीकडे काही घडत नाही. मग दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरच्या मुलींची लग्नं कशी जमली, हे आज मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईनं कशासाठी वाचायचं?

जेन ऑस्टिनची ही कादंबरी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी, एसवायला इंग्रजी घेतलं होतं म्हणून. नायिका एलिझाबेथ बेनेट आणि श्रीमंत डार्सी यांचं कधी जमतंय एवढ्यासाठी पानं उलटली आणि परीक्षेत चांगले मार्क मिळवले. दुसऱ्यांदा वाचली चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याला कारण झालं एक हक्कसोडपत्र.

माझ्या आजोबांचा मुलुंडला फ्लॅट होता, त्यांच्या स्वतःच्या कमाईचा. आजी आधीच गेलेली, आणि आजोबा मृत्युपत्र न करता गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अशा मालमत्तेत मुलाला आणि मुलींना सारखा वाटा मिळतो. म्हणजे मामा, माझी आई आणि मावशी, तिघांचा हक्क. पण फ्लॅट एकट्या मामाच्या नावावर व्हायचा, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. मामा वाईट माणूस नाही. 'ताई, तुला काय कमी आहे? माहेर तर तुझंच आहे,' असं तो मनापासून म्हणाला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघी बहिणींचे फोटो निघाले, अंगठे घेतले, सह्या झाल्या. बाहेर आल्यावर मामानं दोघींना साड्या घेतल्या. आईनं त्या साडीची घडी आजपर्यंत मोडलेली नाही. का, ते मी तिला विचारलेलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ही कादंबरी पुन्हा हातात आली, आणि या वेळी माझं लक्ष प्रेमाकडे गेलंच नाही, पैशांकडे गेलं. जेन ऑस्टिननं आकडे लपवलेले नाहीत. एलिझाबेथचे वडील बेनेटसाहेब, त्यांच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. पण ती जमीन फक्त पुरुष वारसाकडे जायची अशी बांधलेली. मुली पाच, मुलगा नाही. म्हणून बाप डोळे मिटेल त्या दिवशी घर, बाग, शेत सगळं कॉलिन्स नावाच्या एका दूरच्या नातेवाइकाचं. मुलींच्या वाट्याला आई गेल्यानंतर प्रत्येकी १,००० पौंड, चार टक्के व्याजाचे. म्हणजे वर्षाला ४० पौंड. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,०००. आता एलिझाबेथ त्याच्या पहिल्या मागणीला नकार देते ते प्रकरण वाचून बघा. तिनं काय झुगारून दिलं हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलंच नव्हतं.

हे ध्यानात ठेवून तुमची पहिली पन्नास पानं परत चाळा. एलिझाबेथची थोरली बहीण जेन, तिला शेजारी राहायला आलेल्या श्रीमंत बिंगलीच्या घरून जेवणाचं बोलावणं येतं. आई तिला बग्गी देत नाही, घोड्यावर पाठवते, कारण पाऊस येईलसं दिसतंय आणि पाऊस आला तर तिला तिथेच मुक्काम करावा लागेल. मुलगी भिजून आजारी पडते. मग एलिझाबेथ तीन मैल एकटी चालत बहिणीला बघायला जाते, आणि तिची पाठ वळताच त्या घरातल्या बायका तिच्या परकराला लागलेल्या चिखलावर बोलत बसतात. वरवर बघाल तर काही घडलेलं नाही. पण त्या घरात पाचही मुलींचं भवितव्य चालणं, बोलणं, नाचणं, पियानो वाजवणं यांवर टांगलेलं आहे, आणि चिखल मोजणाऱ्या बायकांना ते पक्कं ठाऊक आहे. मला माझा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवला. मी चालत आत आले तेव्हा मुलाच्या आत्याची नजर माझ्या पायांवर होती.

सगळ्यात जास्त बदललं ते बेनेटसाहेबांबद्दलचं माझं मत. पहिल्या वाचनात ते माझे लाडके होते. पुस्तकात रमलेले, बायकोच्या आरडाओरड्यावर एखादं मार्मिक वाक्य टाकणारे, एलिझाबेथवर जीव असलेले. बेनेटबाई मात्र नकोशा वाटायच्या, सारखं लग्न लग्न करणाऱ्या. दुसऱ्यांदा वाचताना पन्नासाव्या प्रकरणाशी थांबले. तिथे कळतं की या माणसानं आयुष्यभर काहीही शिल्लक टाकली नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं, मुलगा होणारच, तो सज्ञान झाला की त्याच्या संमतीनं जमिनीवरचं बंधन काढून टाकू. मग काटकसर कशाला? एकामागून एक पाच मुली झाल्या, आणि तोवर काटकसर सुरू करायला उशीर झाला. म्हणजे घरातल्या खऱ्या संकटाचा विचार रात्रंदिवस करणारी एकटी ती बाईच आहे. तिला बोलण्याचा पोच नाही हे खरं. पण पोच असलेल्या माणसानं मुलींसाठी काय ठेवलं? मला त्यांचा राग आला, आणि माझ्या आजोबांचाही आला, ज्यांनी मृत्युपत्राचा विषय निघाला की हसून 'बघू' म्हटलं.

ऑस्टिनला हे सगळं आतून माहीत होतं. १८०५ मध्ये वडील गेल्यावर ती, तिची आई आणि बहीण भावांच्या मदतीवर जगल्या. १८०९ मध्ये एका भावानं चॉटनला घर दिलं, तिथे तिचं लिखाण मार्गी लागलं. ही कादंबरी १८१३ च्या जानेवारीत आली, मुखपृष्ठाच्या आत तिचं नावसुद्धा नव्हतं, आणि तिचे हक्क तिनं ११० पौंडांना विकले होते.

आता शार्लट. ती एलिझाबेथची जिवलग मैत्रीण, वय सत्तावीस, दिसायला साधी, हुशार. एलिझाबेथनं नाकारलेल्या त्याच कॉलिन्सला ती होकार देते. माणूस कंटाळवाणा आहे, पोकळ आहे, हे तिला पुरतं माहीत आहे. तिला स्वतःचं घर हवंय, बस. बाविसाव्या प्रकरणात तिच्या घरच्यांची प्रतिक्रिया आहे, ती मी कितीदा वाचली असेन. आई लगेच हिशेब करते की बेनेटसाहेब अजून किती वर्षं जगतील. धाकट्या बहिणींना वाटतं, आता आपल्याला वर्ष-दोन वर्षं आधीच समारंभांना जायला मिळेल. आणि भावांना हायसं वाटतं की ही आता बिनलग्नाची राहून मरायची नाही. एकेका वाक्यात अख्खं घर उभं राहतं.

सकाळच्या चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात आमचा सहा जणींचा ग्रुप आहे. त्यांना मी शार्लटची गोष्ट सांगितली, तर अंधेरी ते दादर भांडण झालं. नुकतीच नोकरीला लागलेली म्हणाली, असं लग्न करण्यापेक्षा एकटी राहीन. बँकेतली म्हणाली, 'तुझ्या हातात पगार आहे म्हणून बोलतेस. तिच्या हातात काय होतं?' आणि एरवी भाजी निवडत गप्प बसणाऱ्या आमच्या सगळ्यात मोठ्या ताई म्हणाल्या, माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या, मी कुणाला हो म्हटलं ते तुम्हाला माहीतच आहे. त्यावर कुणी बोललं नाही. लग्नानंतर शार्लट स्वतःच्या बसण्यासाठी मुद्दाम मागच्या बाजूची खोली निवडते, म्हणजे नवरा सारखा तिथे यायचा नाही. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ताई खूप वेळ हसल्या.

या कादंबरीत काय नाही तेही सांगते. बेनेटांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बायका आहेत, पण त्यांचं आयुष्य दिसत नाही. ही वरच्या थरातल्या मुलींचीच गोष्ट आहे, तुमची तक्रार तेवढ्यापुरती बरोबर आहे. आणि आपल्याकडचं दुःख याहून फार कठोर होतं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' याच्यानंतर जरूर वाचा. ती १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू नवऱ्याबरोबर मुंबईत येते तेव्हाचे थोडे मोकळे दिवस आणि तो गेल्यावर तिचं जे केलं जातं ते, हे एकापाठोपाठ वाचवत नाही. एलिझाबेथला निदान दोनदा 'नाही' म्हणता आलं. यमूला कुणी काही विचारलंच नव्हतं.

कायदा तेव्हापासून पुष्कळ बदलला. इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी लग्न झालेल्या बाईची मिळकत तिची राहू लागली. आपल्याकडे २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलगी मुलासारखीच हक्कदार आहे. पण कागदावर वाटा असणं आणि भावासमोर तो मागणं, यांच्या मध्ये सगळे रीतिरिवाज उभे असतात. चांगली मुलगी काय बोलते, कुठे गप्प बसते, हे शिकवणारे. ते रिवाज इतक्या बारकाईनं पाहणारं पुस्तक मला दुसरं माहीत नाही, म्हणून मी ते हातात घ्या म्हणतेय.

एकूण एकसष्ट प्रकरणं आहेत, आणि बहुतेक छोटी. इंग्रजी जड वाटत असेल तर मोठ्यानं वाचा, संवाद लगेच मोकळे होतात. आकडा दिसला की पेन्सिलनं खूण करा. एकोणिसावं प्रकरण कॉलिन्सच्या मागणीचं आणि बाविसावं शार्लटच्या होकाराचं, ही दोन्ही एका बैठकीत वाचा. मग इथे लिहा, तुम्ही शार्लटला काय सांगितलं असतं. मी आमच्या डब्यात वाचून दाखवेन.