अल्कॅनच्या सीमा-नाक्याचे आधुनिकीकरण: जिथे वस्ती नाही तिथे पर्यावरणाचा अभ्यास कशासाठी?

आपण विचारले आहे की, अलास्का आणि कॅनडातील युकॉन यांच्या सीमेवरचा अल्कॅन तपासणी नाका नव्याने बांधण्यापूर्वी अमेरिकी सरकार पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास का करते; आसपास रान आहे, माणसे नाहीत, जुना नाका तिथे अनेक दशकांपासून उभा आहेच, मग हा अभ्यास म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा नव्हे काय?

त्या अभ्यासात माझा सहभाग नव्हता, हे आधीच सांगतो. मी मूळचा साताऱ्याचा असून, गेली काही वर्षे पश्चिम कॅनडात रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पायांसाठी जमिनीची तपासणी करण्याचे काम करतो. कामाच्या निमित्ताने या नाक्यावरून माझे जाणे-येणे झालेले आहे. माझे मत आपल्या गृहीताच्या नेमके उलट आहे. जागा जितकी आडबाजूची, तितका हा अभ्यास अधिक आवश्यक असतो. कारण अशा ठिकाणी इमारतीचा सगळा भार, म्हणजे तिची वीज, तिचे पाणी, तिची घाण आणि तिची उष्णता, हे सारे त्याच जागेला सोसावे लागते.

प्रथम जागा डोळ्यांसमोर आणावी. पश्चिम रेखांश १४१ अंश हीच इथे दोन देशांमधील सीमा आहे आणि अलास्का महामार्ग जिथे ती ओलांडतो तिथे अमेरिकेचा नाका आहे. अमेरिकेच्या बाजूचे पहिले बऱ्यापैकी मोठे गाव टोक हे आहे (मराठी वाचकाला हे नाव अगदी समर्पक वाटेल) आणि ते सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. कॅनडाच्या बाजूला बीव्हर क्रीक नावाचे जेमतेम शंभर वस्तीचे गाव लागते. त्याच परिसरातील स्नॅग येथे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि तो कॅनडाचा नीचांक आजही कायम आहे. इतक्या अंतरावर रोज ये-जा करणे अशक्य असल्यामुळे अधिकारी आपल्या कुटुंबांसह नाक्याच्या आवारातच राहतात. याचा अर्थ असा की, आपण ज्याला ‘नाका’ म्हणतो ती प्रत्यक्षात एक लहानशी वसाहत आहे आणि तिचा संसार तिला स्वतःच चालवावा लागतो.

आता जमिनीविषयी. हा माझा विषय असल्यामुळे इथे थोडे विस्ताराने लिहितो. या भागात बऱ्याच ठिकाणी वरच्या शेवाळाच्या आणि पालापाचोळ्याच्या थराखाली बारमाही गोठलेली जमीन असते, जिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ती खडकासारखी टणक लागते, पण तिच्यातील बर्फाचे प्रमाण मोठे असेल तर वितळल्यावर तिचा चिखल होतो आणि तिच्यावर उभे केलेले सर्व काही वेडेवाकडे खचते. शिवाय या पट्ट्यातील पर्माफ्रॉस्ट ‘उबदार’ प्रकारचा आहे, म्हणजे त्याचे तापमान शून्याच्या थोडेसेच खाली असते, त्यामुळे त्याला वितळवायला फारशी उष्णता लागत नाही. वरचे शेवाळ खरवडून काढले, काळा डांबरी पृष्ठभाग घातला किंवा बर्फ यंत्राने ढकलून कडेला ढीग केला (साचलेला बर्फ रजईसारखा काम करतो आणि हिवाळ्यातील थंडी जमिनीत शिरू देत नाही), तर तेवढ्याने समतोल बिघडू शकतो. नाक्याच्या आवारात ही तिन्ही कामे करावीच लागतात. त्यातच आत वीस अंशांपर्यंत तापवलेली इमारत थेट जमिनीवर बसवली, तर ती आपल्या खालची जमीन हिवाळा-उन्हाळा शेकत राहते.

हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. १९४२ साली अमेरिकी सैन्याच्या अभियंता पलटणींनी हा महामार्ग काही महिन्यांत काढला, तेव्हा बीव्हर क्रीकच्या आसपासच्या पट्ट्यात त्यांनी नेहमीप्रमाणे बुलडोझरने वरचा थर खरवडला. जमीन उघडी पडली, वितळली आणि यंत्रे चिखलात रुतली. मग शेवाळ तसेच ठेवून त्यावर झाडांचे ओंडके आडवे अंथरायचे आणि त्यावर भराव घालायचा, अशी पद्धत त्यांना शिकावी लागली. उत्तरेकडून येणारी कृष्णवर्णीय सैनिकांची ९७ वी पलटण आणि दक्षिणेकडून येणारी १८ वी पलटण यांची गाठ २५ ऑक्टोबर १९४२ रोजी बीव्हर क्रीकपाशीच पडली. तो रस्ता आजही लाटा उठल्यासारखा वर-खाली होत असतो आणि दर उन्हाळ्यात त्याची डागडुजी करावी लागते. २००८ मध्ये युकॉन सरकारने बीव्हर क्रीकजवळ रस्त्याचा एक प्रायोगिक पट्टा तयार केला, ज्यात भराव थंड ठेवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या शेजारी-शेजारी तपासल्या गेल्या: हवा खेळती राहील असा मोठ्या दगडांचा भराव, बर्फ व ऊन अडवणाऱ्या पडव्या, फिकट रंगाचा पृष्ठभाग वगैरे. त्यातून मिळालेली माहिती अल्कॅनसारख्या ठिकाणच्या आवारालाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

याला भूकंपाची जोड द्यावी लागते. ३ नोव्हेंबर २००२ रोजी अलास्कातील देनाली भ्रंशावर (भूकवचातील मोठ्या भेगेवर) ७.९ क्षमतेचा भूकंप झाला, तेव्हा सीमेपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरील नॉर्थवे येथील धावपट्टीखालची भुसभुशीत, पाण्याने भरलेली जमीन पातळ होऊन सरकली आणि धावपट्टीला मोठमोठ्या भेगा पडल्या. जमीन जिथे गोठलेली आहे आणि जिथे वितळलेली आहे, यांमधील रेषा नेमकी कुठून जाते हे बांधकामापूर्वी समजून घेतले नाही, तर एकाच इमारतीचे दोन कोपरे दोन वेगळ्या रीतींनी हलतील.

आपण म्हणाल, हा तर अभियांत्रिकीचा प्रश्न झाला, यात पर्यावरण कुठे आले? इथे या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. पर्माफ्रॉस्ट हा पाण्याच्या वाटा ठरवणारा अभेद्य थर असतो. तो खचला की वरची दलदल कुठे आटते, कुठे नवे डबके साचते, आणि शोषखड्ड्यात सोडलेले सांडपाणी किंवा टाकीतून गळलेले डिझेल, जे आजवर एका जागी अडून राहिले असेल, ते नव्या वाटेने पुढे सरकते. महामार्गाच्या दक्षिणेला टेटलिन राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. १९८० च्या अलास्का भूमी संवर्धन कायद्याने स्थापन झालेले हे क्षेत्र सुमारे पावणेतीन हजार चौरस किलोमीटरांचे असून त्यात तळी, पाणथळी आणि नदीची वळणे यांचे जाळे आहे. टनाना नदीच्या वरच्या खोऱ्यातून वसंतात आणि शरदात क्रौंचांचे मोठे थवे स्थलांतर करतात आणि ट्रंपेटर हंस इथे घरटी करतात. अशा शेजारी रात्रभर जळणारे प्रखर दिवे कोणत्या दिशेला वळवायचे आणि झाडे तोडण्याचे काम विणीच्या हंगामाबाहेर कसे बसवायचे, हे प्रश्न कागदोपत्री सोपस्कार म्हणून सोडवता येत नाहीत.

हवेचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उणे चाळीसच्या खाली तापमान गेले की जनित्रांच्या आणि थांबलेल्या गाड्यांच्या धुरातील वाफ तत्काळ गोठून तिचे बारीक हिमकण होतात आणि वारा नसलेल्या, थंड हवा तळाशी अडकलेल्या खोऱ्यात हे हिमधुके जमिनीलगत तरंगत राहते. रांगेत उभा ट्रकचालक एवढ्या थंडीत इंजिन बंद करूच शकत नाही. त्यामुळे तपासणीच्या मार्गिका किती, गाड्या किती वेळ थांबणार, गाड्यांना विजेची जोडणी देणार काय, जनित्रे निवासाच्या कोणत्या बाजूला ठेवणार, याचा थेट संबंध तिथे राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांशी आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. १ जानेवारी १९७० रोजी अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार संघराज्याच्या प्रत्येक संस्थेला मोठा निर्णय घेण्यापूर्वी त्याचे परिणाम आणि त्याला असलेले पर्याय तपासावे लागतात. हा कायदा प्रकल्प अडवत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तो चुकीच्या निर्णयाला नव्हे, तर माहिती न घेता केलेल्या निर्णयाला मनाई करतो. वेळकाढूपणाची आपली शंका अगदीच निराधार नाही. म्हणूनच २०२३ च्या दुरुस्तीने लहान मूल्यांकनाला ७५ पाने व एक वर्ष आणि सविस्तर परिणाम-अहवालाला सर्वसाधारणपणे १५० पाने व दोन वर्षे अशी मर्यादा घातली. ती मला योग्य वाटते, मात्र जमिनीच्या तापमानाच्या नोंदींना दोन हिवाळे लागतात आणि ते कोणत्याही दुरुस्तीने लवकर उरकत नाहीत. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा: सीमेवरील कुंपणे आणि त्यांलगतचे रस्ते यांसाठी गृहसुरक्षा मंत्र्यांना हे कायदे बाजूला ठेवण्याचा अधिकार आहे, परंतु २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून मिळालेल्या ३४० कोटी डॉलरांतून जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी इमारतींची व्यवस्था पाहणारी संस्था जे जमिनीवरचे नाके सुधारत आहे, त्यांचा अभ्यास नियमित मार्गाने होतो.

‘तिथे माणसेच नाहीत’ हे विधानही मला मान्य नाही. अप्पर टनाना भाषा बोलणाऱ्या लोकांची शिकारीची, मासेमारीची आणि सोयरिकीची भूमी या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. नॉर्थवे आणि टेटलिन ही गावे अमेरिकेच्या बाजूला, तर व्हाइट रिव्हर फर्स्ट नेशन या आदिवासी समुदायाचे लोक कॅनडाच्या बाजूला बीव्हर क्रीकला आहेत. रेषा नंतर आली, माणसे आधीपासून होती. १९६६ च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम १०६ नुसार आदिवासी समुदायांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे आणि माझ्या मते ते या अभ्यासाचे सर्वांत मोलाचे अंग आहे, कारण जनावरे कोणत्या वाटेने उतरतात आणि पाणी कोणत्या वर्षी कुठवर चढते हे तिथल्या वृद्धांना ठाऊक असते, जमीन तपासण्यासाठी आम्ही दोन उन्हाळ्यांत घेतलेल्या बोअरना (खोल छिद्रांना) नव्हे.

राहिला ‘जुना नाका आहेच’ हा मुद्दा. म्हणूनच काहीही न करण्याचा पर्यायही अभ्यासात बरोबरीने तपासावा लागतो: जुन्या इमारतींचे इंधन किती जळते, टाक्या आणि नळ किती थकले आहेत, पाया किती खचला आहे. अल्कॅनला तर आणखी एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कॅनडाचा स्वतःचा नाका सीमेवर नसून सुमारे तीस किलोमीटर आत, बीव्हर क्रीकला लागून आहे, म्हणजे त्यांनी वस्तीचा आधार घेतला. अमेरिकेने रेषेवरच राहावे काय, हे विचारायला हवे. उत्तर ‘होय’ असले तरी त्याची कारणे लिहून ठेवलेली असावीत.

हे मी आग्रहाने का सांगतो, त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका कार्यशाळेसाठी आम्ही तपासणी केली. मालक कंपनीला घाई होती, म्हणून बोअर फक्त ऑगस्टमध्ये घेतले गेले आणि जमिनीत खोलवर तापमान मोजणाऱ्या तारा बसवण्याचा खर्च वगळण्यात आला. अहवालावर माझीही सही होती. चौथ्या हिवाळ्यानंतर जमिनीचा मधला भाग इतका खचला की दरवाजे लागेनासे झाले, आणि फरशीखालची सांडपाण्याची वाहिनी तुटून घाण पाणी शेजारच्या ओढ्यात गेले. त्या ओढ्यावर ज्यांची जाळी होती, त्या माणसांसमोर मी उभा राहिलो आहे. तेव्हापासून एका ऋतूच्या नोंदीवर मी सही करत नाही.

भारतीय वाचकासाठी एक संदर्भ. आपल्याकडे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरांहून कमी बांधकामाला सहसा पर्यावरणीय पूर्वपरवानगीच लागत नाही, आणि २०२२ मध्ये सीमेपासून १०० किलोमीटरांच्या आतील सामरिक महामार्गांना त्यातून सूट मिळाली. देशाच्या संरक्षणाची निकड मला मान्य आहे. पण हिमालयातील उतारही असेच नाजूक आहेत, आणि तिथे ज्या जवानांना हिवाळा काढायचा आहे त्यांच्या बराकींचा पाया सूट मिळाल्यामुळे भक्कम होत नाही.

असा अहवाल आपल्या हाती आला, तर सारांश न वाचता थेट परिशिष्टांत जावे. जमिनीच्या तापमानाच्या नोंदी किती खोलीपर्यंत आणि किती हिवाळ्यांच्या आहेत, सांडपाणी शेवटी कुठे जाते, खडी व मुरूम कोणत्या खाणीतून येणार आणि ती खाण अभ्यासात धरली आहे काय, आणि बांधकाम संपल्यानंतर पुढची दहा वर्षे मोजमाप कोण घेणार व त्याचे पैसे कोणत्या खात्यातून येणार, हे तिथे पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक अहवालांत एका वाक्यात गुंडाळलेले असते; जनतेकडून लेखी सूचना मागवल्या जातात तेव्हा आपण नेमके तेच विचारावे.