‘अक्षरजुळणी’ : खिळे गेले, मग जुळणी कशाची?

प्रश्न असा आहे : नव्याने छापलेल्या मराठी पुस्तकांच्या श्रेयपानावरही ‘अक्षरजुळणी’ हा शब्द दिसतो आणि पुढे कोणाचे तरी नाव असते. आता छपाईच्या अक्षरांचे शिशाचे तुकडे, म्हणजे खिळे, कोणी जुळवत नाही, सगळे काम संगणकावर होते. मग हा शब्द कालबाह्य समजून त्याऐवजी ‘टंकलेखन’ किंवा ‘टंकन’ लिहावे काय?

माझे उत्तर ‘नको’ असे आहे, आणि त्यामागे केवळ जुन्या शब्दाची माया नाही. ‘टंकन’ आणि ‘अक्षरजुळणी’ ही दोन निराळ्या कामांची नावे आहेत, आणि देवनागरीपुरते बोलायचे तर संगणकाच्या पोटात जे चालते त्याला ‘अक्षरजुळणी’ हेच नाव अधिक शोभते. हे दाखवायचे तर आधी छापखान्यात जावे लागेल.

मुंबईत 1831 साली गणपत कृष्णाजींनी छापलेले मराठी पंचांग शिळाछापाचे होते. शिळाछापात लेखकु, म्हणजे हाताने मजकूर लिहून देणारा, लिहितो तसाच मजकूर दगडावर उतरतो; तिथे ‘लिहिणे’ असते, ‘जुळवणे’ नसते. खिळाछापाची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक अक्षर हा शिशाचा सुटा तुकडा असतो, हे तुकडे ‘केस’मधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, आपापल्या घरांत पडलेले असतात, आणि जुळारी, म्हणजे आपण ज्याला कंपोझिटर म्हणतो तो, डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ रचण्याची पट्टी, धरून उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ उभी करतो. खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात आणि ती त्याला सुलट अक्षरांइतक्याच सहजपणे वाचता आली पाहिजेत. ‘जुळणी’ हा शब्द या कामातून आला आणि तो अगदी चपखल आहे, कारण जुळारी अक्षर घडवत नाही. दुसऱ्याने ओतलेली अक्षरे तो शेजारी शेजारी आणतो.

इंग्रजीसाठी हे काम शंभर-सव्वाशे घरांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे आली की घरांची संख्या काही शेंवर जाते. ही अडचण किती जुनी आहे याचा दाखला गोव्यात मिळतो. भारतातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात आला. पण गोव्यातले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले ते रोमन लिपीत. स्वतः स्टीफन्स यांची इच्छा मात्र देशी लिपीत छापण्याची होती. 1608 सालच्या एका पत्रात त्यांनी रोमला कळवले होते की या लिपीला सहाशे साचे लागतील म्हणून ते काम आजवर अशक्य वाटत होते, पण आता ती संख्या दोनशेवर आणता येईल. सहाशेचे दोनशे करायचे तर अक्षरांचे तुकडे पाडून ते पुन्हा जोडावे लागणार, हे उघडच आहे. पुढची चारशे वर्षे देवनागरीचा प्रत्येक यंत्रकार हेच गणित मांडत आला आहे.

एकोणिसाव्या शतकात या गणिताची दोन उत्तरे रूढ झाली. पहिले ‘अखंड’ टाइपाचे : अक्षर आणि त्यावरची किंवा खालची खूण एकाच खिळ्यात ओतायची. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हे काम शिकलेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने ज्या मुंबई वळणाचा लौकिक देशभर पोहोचवला, ते या परंपरेतले. छपाई देखणी होते, पण खिळे फार लागतात. दुसरे उत्तर ‘डिग्री’ टाइपाचे : मूळ अक्षर वेगळे आणि वरखालच्या खुणांचे बारीक तुकडे वेगळे. इथे खिळे कमी लागतात, पण जुळाऱ्याचे कष्ट वाढतात, आणि छापताना त्या नाजूक खुणा मोडतात किंवा उडतात. जुन्या पुस्तकांत एखादी मात्रा नाहीशी झालेली आढळते तेव्हा आपण मुद्राराक्षसाच्या नावाने बोटे मोडतो. पुष्कळदा त्या राक्षसाचे खरे नाव ‘तुटलेले शिसे’ असे असते.

आता ‘टंक’. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी, आणि छाप मारलेले नाणेही; ‘टंकसाळ’ त्यातलीच. ठोकून उमटवणे हा या शब्दाचा गाभा आहे, म्हणून कळ दाबताच हातोडी फितीवर आपटणाऱ्या यंत्राला ‘टंकलेखनयंत्र’ हे नाव मिळाले, ते योग्यच झाले. पण या यंत्रात चाळीस-पंचेचाळीस कळा, म्हणजे शिफ्ट धरून नव्वदच्या आसपास खुणा. त्यात देवनागरी बसवण्यासाठी जी तडजोड झाली ती डिग्री टाइपाच्याही पुढची आहे. ख, ण, भ, श ही अक्षरे पूर्ण न देता त्यांची अर्धी रूपे तेवढी दिली गेली; पूर्ण ‘भ’ हवा असेल तर अर्धा ‘भ्’ उमटवून त्यापुढे काना ठोकायचा. म्हणजे काना ही एकच कळ कधी ‘आ’ या स्वराची खूण होते, तर कधी नुसता अक्षराचा दांडा. यंत्राला त्यातला फरक ठाऊक नव्हता आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती, कारण कागदावर दोन्ही सारखेच दिसत.

गरज पडली ती यंत्राच्या जागी संगणक आल्यावर. ‘मूर्ती’ हा शब्द घ्या. टंकलेखनयंत्रावर तो ज्या क्रमाने उमटतो तो क्रम असा : म, दीर्घ उकार, त, दीर्घ वेलांटी आणि सर्वांत शेवटी रफार, कारण रफार डोक्यावर बसतो आणि तो बसवायला खाली आधी काहीतरी असावे लागते. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने तयार करण्याच्या, काळात टंकलेखनयंत्राच्या रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर बेतलेले फाँट (संगणकातले अक्षरसंच) निघाले, त्यांनी हाच क्रम जसाच्या तसा उचलला आणि देवनागरीच्या खुणा इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवल्या. अशा फाँटातली जुनी फाइल आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, तर ‘मूर्ती’च्या ठिकाणी ई, डब्ल्यू, आर, एच आणि झेड ही पाच रोमन अक्षरे दिसतात. माझ्या एका जुन्या लेखाची अशी फाइल मी अलीकडेच उघडली आणि दोन पाने मला काहीच वाचता आले नाही. मग लक्षात आले की हा अर्थहीन कचरा नाही. टंकलेखकाची बोटे कोणत्या क्रमाने कोणत्या कळांवर पडली, याची ती बिनचूक नोंद आहे. यंत्र भंगारात गेले, पण त्याचा कळफलक फाइलीत जिवंत राहिला.

जुन्या यंत्रांतून आजची अंकीय संस्कृती समजून घेण्याच्या या अभ्यासाला ‘माध्यमांचे पुरातत्त्व’ म्हणतात. अमेरिकेत बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात 2009 पासून त्याची एक प्रयोगशाळा आहे; तिथे जुने संगणक काचेच्या कपाटात न ठेवता हाताळण्यासाठी चालू स्थितीत ठेवले जातात. आपल्याकडे असे उत्खनन एखाद्या डीटीपीवाल्याच्या जुन्या सीडीतही होऊ शकते, एवढेच इथे नोंदवतो.

युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या खुणांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या संगणकीय प्रमाणपद्धतीत, ‘मूर्ती’ साठवली जाते ती उच्चाराच्या क्रमाने : म, दीर्घ उकार, र, हलन्तखूण (अक्षराचा पाय मोडणारी), त, दीर्घ वेलांटी. सहा खुणा, आणि त्यांत ‘रफार’ नावाची खूणच नाही. ‘किती’मधली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण साठवणीत ती ‘क’च्या नंतर असते. मग पडद्यावर रफार वर कसा चढतो आणि वेलांटी डावीकडे कशी सरकते? संगणकातला अक्षररचनेचा कार्यक्रम प्रत्येक शब्दासाठी हे काम करतो : सुट्या खुणा वाचतो, कोणाचे अर्धे रूप घ्यायचे ते ठरवतो, ‘र’ला उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेतो आणि फाँटातले तयार तुकडे शेजारी मांडतो. दुसऱ्याने घडवलेली अक्षरे उचलून जागेवर बसवणे हेच तर जुळाऱ्याचे काम होते. गंमत म्हणजे आजच्या ‘ओपनटाइप’ या प्रचलित प्रकारच्या फाँटांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या जोडणीसाठी जो नियम लिहितात त्याचे अधिकृत नाव ‘अखंड’ असेच आहे. हा शब्द मुंबईच्या टाइपातूनच तिथे गेला असा माझा दावा नाही, कारण अर्थाची छटा थोडी निराळी आहे. पण शिशातला शब्द संगणकाच्या नियमांत भेटावा याचा आनंद मात्र मी लपवत नाही. (‘फाँट’ हा शब्दही मुळात धातू ओतण्याच्या फ्रेंच क्रियापदातून आलेला आहे, तेव्हा शिसे सर्वत्रच आहे.)

जुळणीच्या या दृष्टीने पाहिले की मराठीपुरती एक अडचणही उमगते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक शाळेत शिकवतात : पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्यातला तो आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी जुळवता येतो : खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्तखूण देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्तखूण देऊन पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. कागदावर दोन्ही एकसारखे उमटतात, पण शोध घेताना संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजू शकतो. मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना ही चूक दिसणारच नाही. ती अक्षरात नसून जुळणीत आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे व्यवहारी उत्तर असे. हस्तलिखित पाहून कोणी मजकूर फक्त कळफलकावरून आत घातला असेल, तर त्याच्या नावापुढे ‘टंकन’ लिहावे. ‘टंकलेखन’ हा शब्द मी कागदावर ठोकणाऱ्या यंत्रापुरताच राखून ठेवतो. पाने, समास, शीर्षके आणि चित्रे यांची व्यवस्था ज्याने लावली त्याचे काम ‘मांडणी’चे. आणि फाँट निवडून, जोडाक्षरे व रफार जागच्या जागी उमटतात की नाही हे तपासून, तुटक्या ओळी सांधून ज्याने मजकूर छपाईयोग्य केला, त्याच्या नावापुढे ‘अक्षरजुळणी’ हाच शब्द असू द्यावा. ही सगळी कामे एकाच व्यक्तीने केली असतील, आणि छोट्या प्रकाशनांत बहुधा तसेच असते, तर ‘अक्षरजुळणी व मांडणी’ असे लिहिले की पुरे.