अप्रकाशित, अप्रदर्शित की बारगळलेला?

कधीच बाजारात न आलेल्या जुन्या कॉम्प्युटर गेमचा इतिहास लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे की ‘अनरिलीज्ड’साठी मराठीत काय लिहावं, अप्रकाशित की अप्रदर्शित? शिवाय अशा गेमचं ‘जतन’ करायचं की ‘संवर्धन’? सोबत त्यांच्या मसुद्यातलं एक वाक्यही आहे: ‘निन्टेंडोसाठीची सिमसिटी या गेमची प्राचीन, अप्रदर्शित आवृत्ती संशोधकांनी संवर्धित केली.’

थेट उत्तर हवं असेल तर ते दोन शब्दांत संपतं: अप्रकाशित, जतन. पण या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द घसरला आहे, आणि कुठे घसरला हे पाहण्यात गंमत आहे.

‘अप्रदर्शित’ हा शब्द सिनेमाकडून आला. सिनेमाचं प्रदर्शन होतं, म्हणून न लागलेला सिनेमा अप्रदर्शित. गेमचं मात्र प्रदर्शन होऊनही तो बाजारात न येणं ही अगदी नेहमीची गोष्ट. ‘स्टार फॉक्स २’ जानेवारी १९९५ मध्ये लास वेगसच्या सीईएस या व्यापारी प्रदर्शनात लोकांसमोर मांडला होता. पुढे तो पूर्णही झाला, तरी निन्टेंडोने तो बाजारात आणला नाही. याला अप्रदर्शित म्हणायचं तर प्रदर्शनात जाऊन आलेल्या गेमला अप्रदर्शित म्हणायची पाळी येते. तुमच्या सिमसिटीचंही तेच. एनईएस या निन्टेंडोच्या घरगुती गेमयंत्रासाठीची ती आवृत्ती १९९१ च्या सीईएसमध्ये दाखवली गेली होती. माझ्या एका लेखात संपादकांनी मी लिहिलेलं ‘अप्रकाशित’ खोडून सगळीकडे ‘अप्रदर्शित’ करून ठेवलं होतं, कारण ‘प्रकाशित होतं ते पुस्तक’. छापून आल्यावर पाहिलं तर एका परिच्छेदात तोच गेम प्रदर्शनात गर्दी खेचत होता आणि अप्रदर्शितही होता.

गेमच्या धंद्यात ‘पब्लिशर’ हा पहिल्यापासून आहे. गेम लिहिणारा एक, तो डब्यात घालून विकणारा दुसरा, आणि दोघांमधला करार लेखक-प्रकाशकाच्या कराराच्या चालीवरचा. तेव्हा ‘प्रकाशक’ हा शब्द आपण ओढूनताणून आणत नाही, तो तिथे आहेच. त्याच्यामागून ‘प्रकाशित’, ‘अप्रकाशित’, ‘आवृत्ती’ हे सगळं कुटुंब आपोआप येतं. ‘आवृत्ती’ तर फारच उपयोगी. ‘मदर’ हा गेम जपानमध्ये १९८९ मध्ये प्रकाशित झाला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये तयार होतं, पण विक्रीला आलं नाही. इथे गेम अप्रकाशित नाही, इंग्रजी आवृत्ती अप्रकाशित आहे. हा फरक न केल्यामुळे कितीतरी याद्यांमध्ये भलतेच गेम शिरलेले दिसतात.

आता ‘अप्रकाशित’चा एक तोटा सांगायला हवा. तो आजची स्थिती सांगतो, कालची नाही. ‘स्टार फॉक्स २’ला २०१६ मध्ये अप्रकाशित म्हणणं बरोबर होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेंडोने तो एसएनईएस या आपल्या जुन्या गेमयंत्राच्या छोट्या पुनरावृत्तीत घालून विकला, त्या दिवसापासून ते चूक झालं. तरी इतिहासात त्याची जागा न आलेल्या गेममध्येच आहे. अशा वेळी मराठीतलं ‘राहणे’ कामाला येतं. ‘अप्रकाशित आहे’ आणि ‘अप्रकाशित राहिला’ यांत बावीस वर्षांचं अंतर मावतं. ‘तेव्हा अप्रकाशित राहिलेला’ लिहा, वाद मिटतो. (‘राहून गेलेला’ मात्र लिहू नका. राहून जातं ते अनवधानाने. नव्या कन्सोलच्या तोंडावर जुन्या यंत्रावरचा त्रिमितीय गेम नको, म्हणून मुद्दाम थांबवलेला गेम राहून गेलेला नसतो.)

पुढची गाठ त्याहून नाजूक आहे. ‘प्रकाशात येणे’ आणि ‘प्रकाशित होणे’ हे दोन्ही एकाच प्रकाशातून निघाले, पण अर्थ वेगळे. त्या इंग्रजी ‘मदर’चं एक प्रोटोटाइप कार्ट्रिज (यंत्रात खुपसायच्या गेमच्या डबीचा कच्चा नमुना) १९९८ मध्ये चाहत्यांच्या हाती लागलं आणि त्यातला गेम सगळीकडे फिरला. म्हणजे तो प्रकाशात आला. प्रकाशित झाला जून २०१५ मध्ये, ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ या नावाने. मधली सतरा वर्षं तो जगभर खेळला जात होता आणि अप्रकाशितही होता. मी पहिल्यासाठी ‘उजेडात आला’ असंच लिहितो, म्हणजे वाचकाची गल्लत होत नाही.

तिसरं क्रियापदही आपल्याकडे तयार आहे: फुटणे. परीक्षेचा पेपर फुटतो तसा गेमही फुटतो. ब्लिझार्ड या कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट अ‍ॅडव्हेंचर्स’ मे १९९८ मध्ये रद्द झाला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये फुटला. इथे ‘उजेडात आला’ म्हणणं थोडं भाबडं, ‘प्रकाशित झाला’ म्हणणं साफ खोटं. ‘लीक झाला’ चालेल, पण ‘फुटला’ म्हटल्यावर कोणीतरी फोडला, हे न सांगता कळतं.

प्रकाशावरून आठवलं. न आलेल्या बऱ्याच कार्ट्रिज-गेमची उरलेली एकमेव प्रत ईप्रॉम नावाच्या चिपवर असते. कारखान्यात ठोकून काढलेली चिप कायमची असते, पण प्रोटोटाइपसाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी चिप लागे. ती पुसायची कशी, तर तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची एक गोल खिडकी ठेवलेली असते. खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की आतला विद्युतभार निसटतो आणि चिप कोरी होते. कोरी म्हणजे सगळे बिट १. उन्हातही थोडा अतिनील प्रकाश असतोच. त्या काळच्या माहितीपत्रकांत सरळ लिहिलेलं असे की थेट उन्हात अशी चिप सुमारे आठवड्याभरात पुसली जाऊ शकते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे ३ वर्षांत. म्हणून खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावत, आणि तिच्यावरच पेनाने गेमचं नाव नि तारीख लिहीत. जुन्या पट्टीचा डिंक वाळतो, ती सुटते. अशा चिपपुरता तरी ‘अप्रकाशित’ हा शब्द अक्षरशः खरा आहे: प्रकाश पडला की गेम गेला.

आता ‘का आला नाही’ याचे शब्द. यांत मराठी श्रीमंत आहे आणि लिहिणारे मात्र एकट्या ‘रद्द’वर भागवतात. रद्द करायला कोणीतरी ठरवावं लागतं. लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरचा ‘बँडरस्नॅच’ कोणी रद्द केला? कोणीच नाही. जुलै १९८४ मध्ये कंपनीच बुडाली, आणि योगायोग असा की बीबीसीचं पथक त्याच सुमारास तिच्यावर माहितीपट करत होतं, त्यामुळे पडझड कॅमेऱ्यात आली. तो गेम बारगळला. ‘बारगळणे’ हा इथला नेमका शब्द आहे. बेत बारगळतो तेव्हा दोषी शोधावा लागत नाही. त्यातल्या काही कल्पना पुढे ‘ब्रॅटॅकस’ या गेममध्ये आल्या, म्हणजे तो पुरता मेलाही नाही. उलट ‘थ्रिल किल’ १९९८ मध्ये जवळजवळ तयार होता. व्हर्जिन इंटरअ‍ॅक्टिव्ह या त्याच्या प्रकाशकाचा अमेरिकेतला कारभार विकत घेतल्यावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने त्यातल्या हिंसाचाराकडे बोट दाखवून तो येऊ दिला नाही. हा बारगळलेला नव्हे, दाबलेला. ‘स्टार फॉक्स २’ राखून ठेवलेला. अर्ध्यावर सोडलेला तो अर्धवट, आणि दिवाळखोरीत इतर सामानासोबत गेला तो गुंडाळलेला.

एक जात आणखी आहे: ज्याची जाहिरात आली, नाव आलं, चित्र आलं, पण मागे गेम म्हणावा असं काही नव्हतंच. इंग्रजीत याला व्हेपरवेअर म्हणतात आणि आपल्याकडे कोणी ‘बाष्पसामग्री’ केलेलं मी वाचलं आहे. नको! बोलाची कढी आणि बोलाचा भात शतकानुशतकं शिजतो आहे, तोच वाढा. मुद्दा फक्त शब्दाचा नाही. जुन्या मासिकातली पानभर जाहिरात घोषणेचा पुरावा असते, गेमच्या अस्तित्वाचा नव्हे. जाहिरातीवर भिस्त ठेवून ‘हरवलेला गेम’ असं लिहिणारे संशोधक भेटतात. हरवायला आधी असावं लागतं.

प्रोटोटाइपसाठी कोशात ‘आद्यनमुना’ आहे. एकच एक पहिला नमुना असेल तर तो ठीक. पण गेमच्या डिस्क सापडतात त्या पहिल्या, सोळाव्या, अखेरच्या अशा कुठल्याही टप्प्यावरच्या असतात, त्यांना मी ‘खर्डा’ म्हणतो. कच्चा खर्डा, पक्का खर्डा, प्रदर्शनासाठीचा खर्डा. लोक ‘बिल्ड’ म्हणतात तेही चालेल. ‘बांधणी’ नको, पुस्तक बाइंडिंगला दिल्यासारखं वाटतं. आणि कधी कधी खर्डाही नसतो. ख्रिस ओबर्थ या दिवंगत प्रोग्रामरने एनईएससाठी लिहिलेला ‘डेज ऑफ थंडर’ असाच मिळाला: त्याच्या फ्लॉपींवर सोर्स कोड होता, चालणारा गेम नव्हता. नाटकाच्या भाषेत, संहिता सापडली पण प्रयोग लागलेला नव्हता. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२० मध्ये त्या कोडवरून गेम पुन्हा जुळवून चालवला. अशा गेमला ‘सापडला’ म्हणू नये, ‘उभा केला’ म्हणावं.

फ्लॉपीवरून ‘पुसणे’ या शब्दाकडे येतो, कारण जुन्या डिस्कबद्दल ‘पुसलेला गेम परत मिळवला’ असं चमत्कारासारखं लिहिलं जातं. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हची डिस्क घ्या. एका बाजूला ३५ वर्तुळं, ६८३ ब्लॉक, दर ब्लॉकला २५६ बाइट, मिळून १,७४,८४८ बाइट. अठराव्या वर्तुळावर फाइलींची यादी असते. फाइल काढून टाकण्याचा हुकूम दिला की ड्राइव्ह काय करतो? यादीतल्या त्या ओळीत फाइलचा प्रकार सांगणारा एकच बाइट शून्य करतो आणि तिचे ब्लॉक मोकळे असल्याची नोंद करतो. फाइलचं नाव तसंच, मजकूर तसाच. वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत सगळं जागेवर. याला पुसणं कसं म्हणायचं? पटावरून नाव कमी केलं, एवढंच. मुलगा अजून वर्गातच बसलेला आहे. तो बाइट पुन्हा भरला की हजेरी लागते. ‘नाव कमी केलेली फाइल’ असं एकदा लिहून पाहा, निम्मं स्पष्टीकरण वाचतं.

डंप करणे याला माझा शब्द ‘उतरवून घेणे’. पोथी उतरवून घेतात तसा चिपवरचा, टेपवरचा मजकूर उतरवून घ्यायचा. डाउनलोडसाठीही काही जण ‘उतरवणे’ वापरतात, म्हणून ‘चिपवरून उतरवला’ असं कुठून ते सांगावं. उतरवताना लेखनिकाच्या चुका होतातच. जुनी चिप एकाच जागी आज ० आणि उद्या १ वाचून दाखवते. म्हणून पुन्हा पुन्हा वाचून बेरजा जुळवतात. या चेकसमला नवा शब्द घडवायची गरज नाही, शाळेत भागाकाराचा ‘ताळा’ करायचो तोच हा. ताळा जुळला की प्रत विश्वासाची.

मात्र ताळा प्रत बरोबर उतरली एवढंच सांगतो, मूळ अस्सल आहे हे सांगत नाही. इंग्रजी ‘मदर’ आला तेव्हा तो चाहत्यांचीच करामत असावी, असा संशय पुष्कळांनी घेतला होता. इतिहासलेखनात कागद अस्सल, नक्कल की बनावट हे आधी ठरवतात, तीच प्रतवारी इथे जशीच्या तशी लावावी. पण बनावट प्रोटोटाइपसाठी मला ‘तोतया’ जास्त आवडतो. नक्कल प्रामाणिक असू शकते, तोतया नाही.

जतन आणि संवर्धन ही जोडी सरकारी फलकांवर इतकी एकत्र नांदते की लोक ते एकच समजतात. जतन हा संस्कृत ‘यत्ना’तून आलेला, यत्नाने सांभाळणं, आहे तसं. संवर्धनात वाढवणं आहे, म्हणून वृक्षसंवर्धन, पशुसंवर्धन. अर्धवट गेमच्या पाचव्या पातळीवर खेळ अडकत असेल, तर जतन करणारा तो अडकतोच ठेवतो. जो ती चूक दुरुस्त करतो, भाषांतर चढवतो, राहिलेल्या पातळ्या भरतो, तो संवर्धन करतो. ‘स्टार फॉक्स २’च्या फुटलेल्या खर्ड्यावर चाहत्यांनी इंग्रजी चढवलं ते संवर्धन. दोन्ही करावं, पण दोन वेगळ्या प्रतींवर, आणि कुठली कोणती ते लिहून.

‘प्राचीन’ काढाच. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या गेमला प्राचीन म्हटलं तर ताम्रपटांना काय म्हणणार? ‘जुनाट’मध्ये तुच्छता आहे. ‘जुना’ पुरे, आणि साल दिलं तर तेवढंही नको.

मग तुमचं वाक्य असं होईल: ‘एनईएससाठी बनत असलेली सिमसिटीची आवृत्ती १९९१ च्या सीईएस प्रदर्शनात दाखवली गेली, पुढे बारगळली, आणि २०१७ मध्ये तिची दोन कार्ट्रिज उजेडात आल्यावर तिच्यातला खर्डा उतरवून डिसेंबर २०१८ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला.’ वाक्य तिपटीने लांबलं खरं. पण आवृत्ती ती आणि खर्डा तो, त्यामुळे गेम ‘तो’ की ‘ती’, या वादात तुम्हाला पडावं लागलं नाही.